गेरूचं मंजन

सरलाताई फेब्रुवारी २०२० मध्ये सुनेच्या, ज्ञानदाच्या बाळंतपणासाठी आयर्लंडमधल्या नावनला आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे तिथेच अडकल्या. सामानात त्यांनी स्वतः कुटलेल्या मंजनाचा डबा होता. बाभळीची साल, हिरडा, लवंग, सैंधव आणि रंगाला गेरू. बाळंतपणानंतर ज्ञानदाच्या हिरड्या हुळहुळायला लागल्या, तेव्हा त्यांनी तिलाही तेच लावलं. पंधरा दिवसांत आराम पडला.

"तुमच्या डेंटिस्टला सांग, दवाखाना बंदच ठेव म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. ज्ञानदाचा डब्यावर विश्वास बसला.

सासूबाई दात घासून आल्या की बेसिन लाल झालेलं असायचं. बाळाला कडेवर घेऊन ज्ञानदा एका हाताने ते धुऊन टाकायची. गेरूच तो.

जुलैत सासूबाई पोळी सोडून पेजेवर आल्या. दंडावर काळेनिळे डाग दिसले.

"ओट्याचा कोपरा लागला गं. आणि हिरड्या जरा सुजल्यात, तिळाचं तेल धरते तोंडात."

"आई, जीपीला, इथल्या आपल्या डॉक्टरला फोन करतो," त्यांचा मुलगा पियूष म्हणाला.

"या रोगराईत? गप बस."

ऑगस्टमध्ये डबा संपला. ज्ञानदाने ब्लँचर्डस्टाउनच्या देशी दुकानातून हिरडा, लवंग आणून मिक्सरवर नवं मंजन केलं. गेरू मिळाला नाही, म्हणून ते करडं झालं. दुसऱ्या सकाळी सासूबाईंच्या पाठोपाठ ती आत गेली. बेसिन लालच होतं.

"आई, हे कधीपासून?"

सरलाताई टॉवेलने ओठ टिपत राहिल्या. "मला तरी कुठे कळलं? लालात लाल."

रक्ताचा कॅन्सर निघाला. वॉर्डात कुणालाच सोडत नव्हते. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता आठवडाभर, फार तर दोन.

संध्याकाळी नर्सने सासूबाईंना घरी फोन लावून दिला. पियूषने बाळ मांडीवर घेतलं आणि फोन ज्ञानदापुढे सरकवला.

"कशा आहात?"

"ग्रँड. इथे सगळे हेच म्हणतात, मीही म्हणते." मग धाप लागलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाले, खरं सांग."

"उशीर झाला, आई. रोज मी बेसिन धुतलं आणि मला कळलं नाही."

"तू कशाला मनाला लावून घेतेस? मार्चमध्येच जिभेला रक्ताची चव आली होती. पण बाळ आठ दिवसांचं होतं, तुझे टाके ओले होते. पियूषला बोलू नकोस हे."

फोन स्पीकरवर होता. पियूषने मांडीवरचं बाळ अलगद ज्ञानदाच्या कुशीत दिलं, आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबून धरला.