शब्बाथाला झाकलेला टीव्ही

मी एक जुना टीव्ही आहे, आणि मित्रांनो, सगळ्यात आधी एवढं ऐकून घ्या की त्या रविवारी चूक माझी नव्हती. उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या आमच्या लुईस बेटावर गोष्ट पसरायला वारासुद्धा लागत नाही. अजून कोणी घरी आलं की माझ्याकडे बोट दाखवतं आणि म्हणतं, "हाच ना तो, ऐन वेळी झोपलेला?" म्हणून आज मीच बोलतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोणत्या देशात ते मला सांगता येणार नाही, कारण डोळे उघडायच्या आतच मला खोक्यात घातलं. पहिला उजेड पाहिला तो बेटावरच्या स्टॉर्नोवे शहरातल्या दुकानात. तिथून फिनले नावाच्या उंच, लाजऱ्या तरुणाने मला आपल्या दोन आत्यांसाठी घरी आणलं. थोरली शोनाग आणि धाकटी एफी. दोघींनीही लग्न केलं नाही. फिनलेचे आईवडील तो लहान असतानाच गेले, आणि या दोघींनी त्याला वाढवलं.

माझी सुरुवातीची वर्षं सुखात गेली. एफीबाईंना मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धा फार आवडायच्या. शोनागबाई मात्र "मी असलं काही बघत नाही" म्हणून स्वयंपाकघरात बसायच्या, आणि तिथूनच ओरडायच्या, "अगं, तो कुत्रा डावीकडून यायला हवा होता!" माझं चित्र किती स्वच्छ आहे असं शेजारीपाजारी म्हणायचे. माझी काच रोज पुसली जायची.

फक्त रविवारी मला सुट्टी होती. शब्बाथ हा देवाचा दिवस. त्या दिवशी आमच्या घरात बटाटे सोलत नाहीत, कपडे वाळत घालत नाहीत, सूपसुद्धा शनिवारीच शिजवून ठेवतात. शनिवारी संध्याकाळी शोनागबाई माझ्यावर गुलाबांचं भरतकाम केलेला टेबलक्लॉथ टाकायच्या, तो सोमवारी सकाळीच निघायचा. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही. उलट त्या कापडाखाली बसून मी जे ऐकलं, ते माझ्या इतर सगळ्या वाहिन्यांवर मिळून कधी ऐकलं नाही.

मी स्तोत्रांबद्दल बोलतोय, रविवारी संध्याकाळी शेजारीपाजारी आमच्या घरी जमून गायचे ती. आमच्याकडे चर्चमध्ये पेटी नाही, कसलंच वाद्य नाही. एकाने उभं राहून ओळ धरायची, म्हणजे आधी एकट्याने गायची, आणि बाकीच्यांनी ती झेलायची. कोणी वळसा घेऊन येतो, कोणी रेंगाळत येतो, कोणी म्हातारा मध्येच आपला एक हुंकार घालतो, आणि तरी ओळीच्या शेवटी सगळे एकाच दाराशी पोचलेले असतात. ऐकताना वाटतं, देव त्या दारात उभा राहून एकेकाला आत घेतोय. ओळ धरण्याचा मान पुरुषांचा. पण गावात सगळ्यात जास्त चाली कोणाला येत होत्या, तर आमच्या एफीबाईंना. ती जागा त्यांना कधी मिळणार नव्हती. त्यांनी एकेक चाल फिनलेला शिकवली, याच घरात, सुरुवातीच्या मी यायच्या आधी आणि बाकीच्या माझ्यासमोर. मी कापडाखाली आणि ते दोघे चुलीशी.

मग घरात स्मार्टफोन आला. तो आल्यापासून माझी काच पुसली जाईना, माझ्याकडे कोणी बघेना. बातम्या फोनवर, हवामान फोनवर, कुत्रेसुद्धा फोनवर! तळहाताएवढ्या काचेवर दिसत काय होतं देव जाणे, पण एफीबाई चष्मा कपाळावर चढवून त्यात डोळे घालायच्या. माझ्या पाठीवर धूळ साचली.

या हिवाळ्यात एफीबाई बर्फावरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीतून एकटीने उठायचंच नाही असं बजावलं. त्यातच त्यांची नजरही उतरत चालली होती. आणि मार्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चच्या मेजावर भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा, रविवार आला. त्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं येतात, चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या भरल्या चर्चमध्ये फिनले पहिल्यांदाच ओळ धरणार होता.

"मला तो ऐकायचाय," एफीबाई म्हणाल्या. "आणि नुसता ऐकायचा नाही, बघायचाय. श्वास कुठे घेतो ते बघायचंय मला."

चर्चमधली प्रार्थना फोनवर दिसायची सोय होती. पण फोनवर फिनले त्यांना तांदळाच्या दाण्याएवढा दिसला असता. मग सगळ्यांना आठवण झाली कोणाची? माझी!

शनिवारी दुपारी शेजारची डॉलिना आली. डॉलिना गावात टपाल वाटते आणि टपालाबरोबर बातम्याही.

"फोनचं चित्र टीव्हीवर आणायचं ना? किती सोपं आहे!" ती म्हणाली.

मित्रांनो, हे वाक्य ऐकलं की मी समजतो, आता माझे हाल होणार.

फोनने इकडे तिकडे पाहिलं आणि जाहीर केलं की जवळपास एकही टीव्ही सापडत नाही. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो! तो घरच्या वायफायवर नव्हताच, बाहेरच्या कुठल्याशा जाळ्यात फिरत होता. पण दोष कोणाला? डॉलिनाने माझा प्लग उपटला, पुन्हा लावला आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. धूळ उडाली, तिलाच शिंक आली.

"बंद पडलाय बहुतेक," ती म्हणाली.

"बंद नाही, म्हातारा झालाय," शोनागबाई म्हणाल्या. "आणि म्हाताऱ्यांना मारत नाहीत, डॉलिना."

एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांचे पुढचे सगळे अपराध माफ केले.

शेवटी वायफाय सापडलं आणि चित्र आलं. पण ते उभं, मध्ये एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळोख, जणू दाराच्या फटीतून बघतोय. डॉलिनाने फोन आडवा केला. चित्र उभंच. तिने मान आडवी केली. एफीबाईंनीही केली. "दोघी मिळून मेंढ्यांसारख्या काय बघताय?" शोनागबाई म्हणाल्या. फोनमध्ये चित्र वळू न देणारं कुठलंसं कुलूप होतं, ते सापडलं, आणि चर्चचं पान एकदाचं माझ्या काचेवर भरून आलं. तेवढ्यात त्यावरच मोठ्या अक्षरांत निरोप झळकला: 'तुमचं पायाच्या भोवरीचं मलम दुकानात आलं आहे.'

शोनागबाईंनी हात कमरेवर ठेवले. "हे उद्या प्रवचन देणाऱ्या पाळकांच्या कपाळावर उमटणार का?"

"निरोप बंद करते ना मी! उद्या सकाळी नुसतं एक बटण दाबायचं की झालं."

"उद्या या घरात कोणी बटण दाबणार नाही. उद्या शब्बाथ आहे."

एफीबाई मांडीवरच्या शालीच्या गोंड्याशी चाळा करत राहिल्या. शोनागबाईंनी ते पाहिलं. त्या स्वतः उद्या चर्चला जाणार नव्हत्या. बहिणीला एकटीला सोडता येत नाही म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा, त्या प्रभुभोजनाच्या मेजावर बसणार नव्हत्या. याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"सूप आपण शनिवारी करून ठेवतो," त्या हळूच म्हणाल्या. "मग हेही शनिवारी करून ठेवू. आत्ता जोडा, रात्रभर चालू राहू दे. प्रार्थना सुरू झाली की चित्र आपोआप येईल. येईल ना?"

"येईलच!" डॉलिना म्हणाली. तिने फोन चार्जिंगला लावला, तो झोपणार नाही अशी तजवीज केली आणि विजयी मुद्रेने घरी गेली. फोनच्या झोपेचा बंदोबस्त झाला. माझ्या झोपेबद्दल कोणी विचारलंच नाही.

आणि मग, मित्रांनो, शोनागबाईंनी नेहमीच्या सवयीने काय केलं असेल? माझ्यावर टेबलक्लॉथ टाकला. मी चालू असताना! आतल्या उजेडाने ते गुलाब लाल दिसू लागले आणि मी भट्टीत बसल्यासारखा घामाघूम झालो. आता मला घडवणाऱ्यांनी माझ्यात एक खोड घालून ठेवली आहे. बराच वेळ कोणी हात लावला नाही, तर वीज वाचवायला मी आपोआप बंद होतो. पण आधी विचारतो, अगदी सभ्यपणे. त्या संध्याकाळीही मी ठळक अक्षरांत लिहिलं: 'चालू ठेवायचं असल्यास कोणतंही बटण दाबा.' वाचलं कोणी? गुलाबांनी! मी थोडा वेळ वाट पाहिली आणि बंद झालो. सांगा, काय करायला हवं होतं मी?

रविवारी सकाळी एफीबाईंना काळा पोशाख घालून, डोक्यावर टोपी चढवून, हातात पेपरमिंटच्या गोळ्या देऊन माझ्यासमोर बसवलं होतं, अगदी चर्चच्या बाकावर बसवावं तसं. शोनागबाईंनी कापड ओढलं.

काळोख.

"येईल आपोआप," शोनागबाई म्हणाल्या.

आलं नाही. बाजूला फोन एवढ्याशा आवाजात कुजबुजत होता. चर्च भरत होतं.

"शोनाग, हा झोपलाय. बटण दाब."

"मी? आज?"

"मग मी दाबते." एफीबाईंनी खुर्चीच्या दांड्यांवर जोर दिला आणि उठायला लागल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"बस खाली! मेलीस तर तुला पुरायला सोमवारपर्यंत थांबावं लागेल मला!"

"मग पोर गाईल तेव्हा मी ही काळी काच बघत बसू? बारा वर्षांचा होता तो, त्याला पहिली चाल दिली तेव्हा. मला त्या जागेवर कोणी उभं केलं नाही, शोनाग, आणि मी कधी मागितलंही नाही. आज मी तिथे उभी आहे असं समज. एवढंच."

शोनागबाई आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या परत आल्या तेव्हा हातात चर्चला जाताना घालायचे काळे हातमोजे होते. त्यांनी ते दोन्ही हातांत नीट चढवले, डोळे मिटून ओठ हलवले, आणि बटण दाबलं.

मी जागा झालो. पण मित्रांनो, फोनचा आणि माझा दुवा तुटला होता. फोनने पुन्हा विचारलं, या टीव्हीला जोडू का? "हो, म्हण त्याला हो!" एफीबाई ओरडल्या. मोज्यातलं बोट फोनला कळेना. शोनागबाईंनी बोट दाबलं, घासलं, शेवटी मोजा दातांनी ओढून काढला आणि उघड्या बोटाने होकार दिला. लगेच माझ्या काचेवर काय आलं? एक बाई हर्षाने उड्या मारत सोफ्यांच्या सेलची जाहिरात करत होती, पूर्ण आवाजात!

"प्रभू, क्षमा कर!" शोनागबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सोफा गेला आणि फिनले आला. माझ्या काचेवर तो हातभर उंच दिसत होता, काळ्या सुटात, हाताच्या मुठी आवळलेल्या. त्याने ओळ धरली. आणि मी इतकी वर्षं ऐकत आलोय म्हणून मलाही कळलं, सूर फार वर लागला होता. पहिली ओळ कशीबशी पार पडली. लोकांनी झेलली, पण ताणून. दुसरी आणखी वर चढणार होती. त्याचा गळा तिथे पोचणं शक्य नव्हतं. भरलं चर्च, आणि त्याचे डोळे सैरभैर.

एफीबाई पुढे झुकल्या. "थांब, राजा," त्या माझ्या काचेशी बोलू लागल्या. "थांब. लाज धरू नकोस. खाली ये आणि पुन्हा धर. देवाला घाई नाही. खाली ये, बाळा."

फिनले थांबला. इतक्या माणसांसमोर त्याने श्वास घेतला आणि तीच ओळ खालच्या सुरात पुन्हा धरली. आणि मित्रांनो, सगळं चर्च त्याच्यामागे उठून आलं. रेंगाळत, वळसे घेत, एकेक करून, सगळे त्या दाराशी. एफीबाई गात होत्या. भिंतीकडे तोंड केलेल्या शोनागबाई गात होत्या. मग त्या वळल्या, स्टूल ओढलं आणि बहिणीच्या शेजारी माझ्यासमोर बसल्या.

"ऐकलं त्याने माझं," एफीबाई गाल पुसत म्हणाल्या.

मला खरं काय ते माहीत होतं. चर्चमधलं चित्र फोनपर्यंत यायला वेळ लागतो आणि फोनमधून माझ्यापर्यंत यायला आणखी थोडा. एफीबाई "खाली ये" म्हणाल्या, तेव्हा तिकडे फिनले केव्हाच खाली आला होता. त्यांनी सांगायच्या आधीच त्याने ऐकलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. मला विचारतं कोण?

प्रार्थनेनंतर फिनले घरी आला आणि दारातच उभा राहिला. "आत्या, सूर वर गेला होता."

"माहीत आहे. मी सांगितलं ना तुला खाली ये म्हणून?"

"सांगितलंस," तो म्हणाला आणि त्यांच्या पायाशी बसला. "नाहीतर मी कसला थांबतोय."

मग त्याची नजर माझ्याकडे गेली. "हा चालू कसा? कोणी लावला?"

शोनागबाई सूप वाढत होत्या. "मी लावला. पाळकांनी विचारलं तर सांग, दयेचं काम होतं, ते शब्बाथाला चालतं म्हणून. फक्त तो सोफा सोडून."

तर मित्रांनो, एक विनंती आहे. घरातलं कोणी म्हातारं माणूस फोन घेऊन आलं आणि "हे मोठ्या पडद्यावर लावून दे" म्हणालं, तर "किती सोपं आहे" असं म्हणू नका. सोपं नसतं ते. आम्हा जुन्या टीव्हींच्या पाठीवरची धूळ पुसा, आम्हाला श्वास घ्यायला जागा ठेवा, आणि आम्ही काही विचारत असलो तर जरा वाचा. आणि चित्र एकदाचं आलं की लगेच उठून जाऊ नका. काय बघायचं होतं त्यांना, कोणाला बघायचं होतं, ते त्यांच्या शेजारी बसून बघा.