नव्व्याण्णव नंबरचं गेट

सकाळचे साडेदहा वाजले होते आणि कवळ्यांच्या कारखान्यातली झाडून सगळी माणसं हातातले दात टाकून गेटापाशी जमली होती. द्वारबाबा लोखंडी गेटाला स्टेथोस्कोप लावून त्याचे ठोके ऐकत होते.

"श्वास घे," बाबा गेटाला म्हणाले.

गेटाने घेतला की नाही कोण जाणे, पण जमलेल्या अठरा जणांनी घेतला.

"सोड."

अठरा जणांनी सोडला.

"उजव्या कुशीवर झोपतंय हे," बाबांनी निदान केलं. "म्हणून डावी बिजागरी रात्रंदिवस रडते. ऐकू येतं का कुणाला?"

"येतं, येतं!" पॉलिशवाले मामा म्हणाले. त्यांना एरवी जेवणाची घंटासुद्धा ऐकू येत नसे.

मग बाबा आत गेले. कोपऱ्यातल्या फळीवर त्यांनीच दिलेला 'द्वारदीप' होता: मुठीएवढी काळी पेटी, वर लुकलुकणारे हिरवे दिवे. तिला दोन वायरी होत्या. एक विजेची, आणि दुसरी 'नाडी'. ही नाडी भिंतीतल्या ज्या भोकांत संगणकांच्या वायरी जातात, त्यातल्याच एकात खुपसलेली होती. बाबांनी डोळे मिटून पेटीच्या पाठीवर अंगठा टेकला आणि बराच वेळ पुटपुटले.

"आता सगळ्या यंत्रांना निद्रा द्या. अकरा श्वास मोजा. मग जागं करा."

संगणक बंद झाले, श्वास मोजले गेले, संगणक सुरू झाले. आणि काय सांगावं! सकाळपासून रुसलेलं इंटरनेट धावत आलं. दातांच्या डॉक्टरांनी पाठवलेले जबड्यांचे नकाशे पडद्यावर धबाधबा कोसळू लागले. टाळ्या वाजल्या. नेट नाही म्हणजे नकाशे नाहीत, नकाशे नाहीत म्हणजे कवळ्या नाहीत, आणि कवळीवाचून अडलेली म्हातारी माणसं फोनवर जे बोलतात ते समजत नसलं तरी ती शिवी आहे एवढं नक्की कळतं.

गर्दीच्या मागे गेटकाका उभे होते. एकोणीस वर्षं ते या गेटावर होते. टाळ्या त्यांनीही वाजवल्या. त्या पुरत्या थांबायच्या आत बाबा वळले आणि त्यांचं बोट काकांच्या छातीवर रोखलं गेलं.

"हा उतारा तात्पुरता आहे. दोषाचं मूळ ते बघा. याची सावली रोज गेटावर पडते. सावलीचा माणूस बदला, नाहीतर सोमवारी नेट पुन्हा जाईल. आणि परत येणार नाही."

गेटातच दोष आहे हे पक्कं कुणी ठरवलं? बाबांनी नव्हे, खुद्द मालकांनी. पंधरा दिवसांपूर्वी गेटाला नवा रंग दिला, तेव्हा बाबा रस्त्यावरून जाता जाता थांबले आणि 'नव्या रंगाने जुने दोष जागे होतात' असं सांगून द्वारदीप फुकट लावून गेले. पुढच्याच सोमवारी नेट गेलं. मालकांच्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली: डिफॉल्ट गेटवे उपलब्ध नाही. मालकांचं इंग्रजी म्हणजे आधी जोर, मग अर्थ.

"द... फॉल्ट... गेट... वे!" ते केबिनमधून ओरडले. "अरे, संगणकच सांगतोय! गेटाच्या वाटेत फॉल्ट आहे! बोलवा त्या बाबांना!"

तेव्हापासून हे तिसऱ्यांदा. नेट जायचं, बाबा यायचे, नेट यायचं. आता मालकांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं आणि समोरच्या नमुन्याच्या जबड्याकडे बघत म्हणाले, "काका, तुम्ही माणूस सोन्यासारखे. पण सावलीला मी काय करू? बाबांचे मेव्हणे आहेत, तयार गेटमन. सोमवारी ते येतील. तुम्ही रविवारपर्यंत या."

घरी बायको संतापली. "एकोणीस वर्षं झाली, आणि सावली आता वाईट झाली होय? आणि एवढी सावलीत ताकद असती तर आपल्या घरातली झुरळं नसती मेली?"

काका हसले नाहीत. खरी गोष्ट अशी की त्यांना लाज वाटत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांनाही ते थोडं थोडं पटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते गेटापाशी तिरके उभे राहू लागले. ऊन सरकलं की तेही सरकत. दुपारी तर भिंतीला पाठ चिकटवून, पोट आत ओढून, सावली बुटांखाली दाबून ठेवायचा प्रयत्न करत.

"काका, पोटात दुखतंय का?"

ही दाढताई. संगणकावर दाढांचे आकार कोरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून हे नाव. ती सुट्टीवर होती, आजच परतली होती. काकांनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज कापला, तेव्हा त्यांनी खोकल्याचं सोंग केलं.

दाढताईला आधी हसू फुटलं, मग ती लालबुंद झाली. "काका, डिफॉल्ट म्हणजे दोष नव्हे हो! डिफॉल्ट म्हणजे दुसरं काही सांगितलं नसेल तर हे धरून चाला. मला सांगा, एखादी कवळी साच्याच्या टेबलावरून पॉलिशच्या टेबलावर न्यायची, तर ती तुमच्याकडे येते का?"

"माझ्याकडे कशाला? आतल्या आत देतात."

"आणि बाहेर डॉक्टरकडे जायची असेल तर?"

"मग माझ्याकडे. आतल्यांना कुठे रस्ते ठाऊक? डबा गेटावर ठेवतात. मी पत्ता बघून योग्य त्या गाडीत चढवतो."

"झालं! संगणकांचं हेच आहे. आपल्या खोलीतल्या संगणकाशी ते थेट बोलतात. बाहेरचं काही असलं की त्यांना एकच ठाऊक असतं, ते गेटावर देऊन टाकायचं. मालकांच्या कपाटावर जी पांढरी पेटी आहे, ती संगणकांची गेटकाका. तिच्या पत्त्याच्या शेवटी एक, म्हणजे १, हा आकडा येतो. लोखंडी गेटाचा आणि तिचा संबंध एवढाच, की दोघं एका इमारतीत आहेत."

काका विचारात पडले. गेटालगतच्या त्यांच्या खोपटातही एक जुना संगणक होता. "मग एक सांगतो. नेट गेलं त्या दिवशीही आतून डब्यांच्या याद्या मला येत होत्या. फक्त कुरिअरवाल्यांचं पान उघडत नव्हतं."

दाढताईने काकांकडे असं पाहिलं की काकांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. "काका, दोन आठवडे अख्खं ऑफिस नाचतंय आणि कामाची गोष्ट एकट्या तुम्ही पाहिलीत! आतलं चालतं, बाहेरचं अडतं. म्हणजे वायर धड, संगणक धड, गडबड फक्त गेटाच्या पत्त्यात. सोमवारी लवकर येते मी. तुम्हीही या."

सोमवारी सगळ्यांच्या आधी दोघं खोपटात बसले. नऊ वाजता काकांनी संगणक सुरू केला. नेट गायब. दाढताईने गेटवेचा पत्ता काढला. शेवटी एक नव्हता. नव्व्याण्णव होता.

"म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे तुमच्या खुर्चीत दुसराच कुणी टोपी घालून बसलाय. संगणक बिचारे भोळे असतात. सकाळी उठले की मोठ्याने विचारतात, आपलं गेट कुठलं? जो पहिला उत्तर देईल, त्याचं खरं. इथे कुणीतरी आपल्या पांढऱ्या पेटीच्या आधी ओरडतोय की गेट मीच. सगळे त्याच्याकडे डबे देतात आणि तो ते खुशाल कचऱ्यात टाकतो."

तिने नव्व्याण्णवचा पत्ता टाकला. एक पान उघडलं आणि त्याने नाव-पासवर्ड विचारला. दाढताईने दोन्हीकडे admin लिहिलं. अशी पेटी बनवणाऱ्यांकडून निघते तेव्हा पासवर्ड असाच असतो. ज्या अंतर्ज्ञानी पुरुषाने ती लावली, त्याने तो बदलायची तसदी घेतली नव्हती. पान उघडलं. वर नाव होतं: द्वारदीप-७. खाली नोंद: पत्ते वाटणं आपोआप सुरू, सोमवार, सकाळी आठ पंचावन्न.

"सात?" काका म्हणाले. "म्हणजे आणखी सहा ठिकाणी..."

"आणखी सहा गेटकाका," दाढताई म्हणाली.

दहाला बाबा आले. बरोबर मेव्हणे होते, गणवेश अंगात, शिट्टी तोंडात. बाबांनी हात वर केले. "बघा! सावली अजून इथेच आहे, म्हणून नेट गेलं!"

"बाबा, आज पहिली पाळी माझी," दाढताई म्हणाली. "काका, गेटाच्या मधोमध उभे राहा. ऊन बघू नका."

काका उभे राहिले. सावली गेटावर आडवी तिडवी, ऐसपैस पडली. दाढताई आत गेली, सगळ्यांच्या देखत तिने द्वारदीपची नाडी भिंतीतून उपटली आणि म्हणाली, "करा बंद-चालू. श्वास आपापल्या सोयीने घ्या."

नेट आलं.

"योगायोग," मालक म्हणाले.

तिने नाडी पुन्हा खुपसली. बंद-चालू. नेट गेलं. काढली, आलं. खुपसली, गेलं. पाचव्या वेळी पॉलिशवाले मामा म्हणाले, "मला एकदा काढू द्या की!"

"यंत्राचा कोप होईल!" बाबा गरजले. "नाडी तोडणाऱ्याचे दात पडतील!"

ही धमकी जागा चुकली. अठरा जण खो खो हसले. दात पडणं ही त्या इमारतीत काळजीची गोष्टच नव्हती. तोवर दाढताईने ते पान मालकांच्या पडद्यावर उघडलं होतं आणि पेटीच्या पाठीवरचं बटण दाखवलं होतं. बाबांचा अंगठा दर वेळी नेमका तिथेच टेकायचा. बटण दाबलं की पत्ते वाटणं बंद, आणि यंत्रांना निद्रा दिली की ती उठून खऱ्या गेटाचा पत्ता घेणार. मंत्र होता तो बटण सापडेपर्यंतचा वेळ काढायला.

मालकांनी ते पान दोनदा वाचलं. या खेपेला जोर न देता.

बाबा आणि मेव्हणे गेटाकडे पळाले. गेट बंद होतं, आणि मधोमध गेटकाका वही घेऊन उभे होते.

"नाव?" काकांनी विचारलं.

"द्वारबाबा!"

"आईबापांनी ठेवलेलं. पत्ता? कुणी पाठवलं? काम काय होतं? पेटीत काय आहे?"

मेव्हण्यांनी घाबरून शिट्टी वाजवली, तेवढंच. बाकीची उत्तरं पोलिसांनी येऊन लिहून घेतली आणि उरलेल्या सहा पेट्यांचे पत्तेही.

मालक खाली मान घालून काकांसमोर आले. "काका, मला माफ करा. मी तुमच्या सावलीला..."

"मालक, राग आला होता," काका म्हणाले. "पण सगळा तुमच्यावर नाही. हे सगळे प्रश्न मी रोज दूधवाल्याला विचारतो, प्लंबरला विचारतो, मागे एकदा तुमच्या सासऱ्यांनाही विचारले. हा आला त्या दिवशी मी हात जोडले आणि गेट उघडलं. पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर चार दिवस पोट आत ओढून उभं राहावं लागलं नसतं."

मग ते सगळ्यांकडे वळले. "संगणक भोळा आहे, त्याला जो आधी ओरडेल तो खरा वाटतो. त्याला इलाज नाही, त्याला तसंच बनवलंय. आपल्याला मात्र कुणी तसं बनवलेलं नाही. कुणी कितीही मोठ्याने ओरडला तरी आधी विचारा. जो खरा आहे, तो विचारल्याने चिडत नाही."

एवढं बोलून त्यांनी वही मिटली आणि कुरिअरच्या गाडीसाठी गेट उघडलं.