कंपनमुक्त क्षेत्र

"गप ऱ्हा गं समद्याजणी. हाताला ऐकू द्या."

जनकाबाई सुईणीचा पस्तीस वर्षांपूर्वीचा हा आवाज सखुबाईला वाळती हळद पालथी करताना एकाएकी आठवला. लेक एवढंच म्हणाली होती, "तिथं समदं गप लागतं, माय."

औंढ्याकडच्या माळावर मोठी प्रयोगशाळा होणार होती. शेजारच्या साऱ्यांनी जमिनी द्यायला संमती दिली होती. सखुबाईचा अंगठा तेवढा राहिला होता. का, ते ती कुणालाच सांगत नव्हती. उद्या जमीन घेणारे सरकारी साहेब शेवटचं विचारायला येणार होते. म्हणून हिंगोलीच्या कॉलेजात विज्ञान शिकवणारी लेक, ऐश्वर्या, आज घरी आली होती. साहेबांनी धाडलेला कागद ती आईला वाचून दाखवू लागली.

"'अतिसूक्ष्म कंपनांच्या मापनास्तव सदर गट कंपनमुक्त क्षेत्र म्हणून...'"

"माणसावानी सांग की."

ऐश्वर्याने कागद मांडीखाली सारला.

"लई लांब, आभाळात दोन मेलेले तारे फिरत फिरत एकमेकावर आदळले. तेव्हा माणूस जन्मला बी नव्हता. त्याचा हिसका अजून चालून राहिला. इथवर येस्तोवर इतका बारीक होतो, की अंगातून जातो नि कळत न्हाई."

"आपल्या अंगातून?"

"व्हय. ह्या हळदीतून बी."

सखुबाईचा हात हळदीवरच थांबला. पिवळा तळवा उलटा करून तिने पाहिला.

"मंग कळतं कोणाला?"

"मशीनला. पण बाजूनं ट्रॅक्टर गेला तरी त्याचं ऐकणं बिघडतं."

"सुईणीच्या हातावानी," सखुबाई हळूच म्हणाली. "पोटावर हात ठेवला की शेजारचं जातं थांबवायची. आत येवढुसं हललं तरी कळायचं तिला."

ऐश्वर्या आईकडे बघतच राहिली. चार वर्षं फळा भरूनही तिला हे असं सांगता आलं नव्हतं.

"बराबर हेच, माय."

"मंग आपलं रान खोदणार काहून?"

"कोण म्हणलं? इमारत तिकडं लांब. आपल्या रानात नांगर न्हाई, बोअर न्हाई, गाडी न्हाई. कोणी काहीच करायचं न्हाई."

"कधीच?"

"कधीच. त्याच्यासाठीच तर घेऊन राहिले."

सखुबाईने पदराला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मग लेकीकडे न बघता म्हणाली,

"तुह्या आधी एक लेकरू झालतं मला. पोटात लई हलायचं. भायेर आलं ते हललंच न्हाई. तिथं बांधाच्या कडंला निजवलंय त्याला. आजवर तिथं नांगर लागू दिला न्हाई म्या."