नावाचा रकाना

तीनशे अकरा घरं झाली आणि प्रेमिलाच्या पायांतलं त्राणच संपलं. रामटेककडची सहा गावं, त्र्याहत्तर सालचा उन्हाळा आणि खांद्याला फॉर्मांची पिशवी. नागपूरच्या कचेरीला जाणून घ्यायचं होतं, कुठल्या भागात तान्ही बाळं जास्त दगावतात. जिथे जास्त, तिथे नर्स मिळणार. नर्स एकच मंजूर होती.

फॉर्म प्रेमिलानेच बेतला होता. मुलं किती झाली, असं मोघम विचारलं की बाया मोघमच सांगतात. म्हणून तिने पहिला रकाना ठेवला नावाचा. एकेका मुलाचं नाव घ्यायचं, मग जन्मसाल, मग आहे की गेलं. तिचे साहेब मनोहरराव यांनी भर मीटिंगमध्ये वाहवा केली, आणि प्रेमिलाबाई आठवडाभर जमिनीवर नव्हत्या.

तीनशे बारावं घर रंभाबाईचं. ओसरीवर तांदूळ पाखडता पाखडता तिने चार नावं सांगितली. चारही मुलं धडधाकट. प्रेमिलाने पेनाला टोपण लावलं, तेवढ्यात आतून सासूचा आवाज आला.

"दिवाळीतला सांगतला का वं?"

"तो आठव्या दिवशीच गेला न, आत्याबाई! बारसं कुठी झालं होतं त्याचं? बाई नावं पुसून राहिल्या. नावच नाही, तं काय सांगू?"

प्रेमिलाने पेनाचं टोपण पुन्हा काढलं. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे त्याआधी गेलेलं एकही बाळ तिच्या तीनशे अकरा फॉर्मांत नव्हतं, आणि बाळं जातात ती बहुतेक त्याच दिवसांत. शाबास गं शहाणे, ती स्वतःला म्हणाली. तिच्या फॉर्मप्रमाणे या सहा गावांत बाळं जवळजवळ मरतच नव्हती. नर्स इकडे कशाला येईल?

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिने सगळं सांगितलं. मनोहररावांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"प्रेमिलाबाई, आकडे इतके चांगले आले, अन् तुम्ही काहून रडून राहिल्या?"

"बाळं मरून राहिली आहेत, सर. मीच त्यांना फॉर्मात येऊ दिलं नाही."

"सगळी घरं परत? रिपोर्ट पंधरा दिवसांत जाते. दुसरा माणूस मी देऊ शकत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "जा म्हणत नाही, नका जाऊ असंही म्हणत नाही. तुमचं तुम्ही पाहा."

त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं, असं प्रेमिलाला अगदी मनापासून वाटलं. ती इतकी थकली होती की त्या वाटण्याची तिला लाजही वाटली नाही. सकाळी ती पुन्हा रामटेकच्या गाडीत बसली.

पहिलं घर यमुताईचं. मागच्या खेपेला तिने तीन नावं दिली होती.

"आता काय राहिलं, बाई?"

"बारशाच्या आधी गेलेलं लेकरू होतं का, हे विचारायचं राहिलं."

यमुताईने हातातला गडवा खाली ठेवला.

"होती. पोरगी. नऊ दिवसांची होऊन गेली."

प्रेमिलाने फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि पहिल्या रकान्यात लिहिलं. यमुताईला वाचता येत नव्हतं, पण तिची नजर पेनावरच होती.

"काय लिवलं?"

"नाव नाही, असं."

"खोडा ते."

प्रेमिलाने मान वर केली.

"नाव होतं. बारशालेच सांगीन म्हणून कोणाले बोलली नाही मी. तिच्या बापालेबी नाही." यमुताईने पदराने तोंड पुसलं. "जयवंता."

प्रेमिलाने आधीचं खोडलं आणि वरच्या अरुंद जागेत बारीक अक्षरात लिहिलं.

"वाचा बरं."

"जयवंता," प्रेमिलाने वाचलं.

यमुताई रडली नाही. ती नुसती जवळ सरकून बसली.

"अजून एक डाव म्हणा," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी आयकलंच नाही ते."