आई उतरायची तो चढ

मी एका जुन्या मोटारीचं चार सिलिंडरचं इंजिन बोलतोय. सध्या गॅरेजातल्या टेबलावर सुटासुटा पडलोय. पिस्टन रॉकेलच्या ट्रेमध्ये, वरचं झाकण, म्हणजे हेड, भिंतीशी. अशा अवतारात कुणी आपल्याला बघू नये असं वाटतं, पण इलाज नाही.

ऐन उमेदीत मी एका शिंप्याच्या घरी आलो. मागच्या सीटवर कापडाचे तागे, त्यांवर मुलगा आणि मुलगी. घर चढावर. एकदा भरल्या गाडीनिशी मी त्या चढावर मध्येच बंद पडलो. मुलांची आई मुकाट्यानं उतरून चालू लागली. त्यानंतर पायथा आला की ती स्वतःच म्हणायची, "थांबवा हो." मी बाकीच्यांना वर नेऊन दारात तिची वाट बघत धुगधुगत राहायचो. मनाला फार लागायचं.

शिंपी वारला. मी पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडलो. मुलगा म्हणाला, "भंगारात द्या." मुलीनं मात्र मला इथं आणलं.

"मेकॅनिककाका, शर्यतीत नाही पळवायची. पण सगळ्यांना घेऊन चढ चढली पाहिजे. आईनं जन्मभर पायपीट केली."

"सिलिंडर किंचित मोठे करू, नवे पिस्टन बसवू, हेड जरासं घासू, म्हणजे जोर वाढेल," काका म्हणाले. "झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, कुठला घालायचा, ते ठरव. मोठा घातला तर सुसाट पळेल, पण हळू चालवताना कुरकुरेल."

काल ती आईला घेऊन आली. बेत ऐकून आई हसतच सुटली.

"अगं, एकदाच बंद पडलं ते बिचारं! पुढं मलाच उतरायचं असायचं. घरात पाऊल टाकलं की स्वयंपाक, तुमचे अभ्यास, ह्यांची गिऱ्हाइकं. तो चढ तेवढा माझा एकटीचा होता."

मुलगी हळूच म्हणाली, "मग राहू दे का?"

"नको गं. आता गुडघे ऐकत नाहीत. ने मला वर. पण सावकाश ने, झाडं बघत."

"मोठा कॅमशाफ्ट नको, काका," मुलगी म्हणाली.

काकांनी मान डोलावली आणि माझा पहिला पिस्टन पुसायला घेतला.

मंडळी, एक विनंती आहे. चढावर कुणी गाडीतून उतरून एकटंच चालताना दिसलं, तर लगेच इंजिनाला नावं ठेवू नका. आणि त्या माणसाला हाकही मारू नका. चालू द्या.