शरबतात गेलेला बर्फ

मी एक जुना थर्मास आहे. रुंद तोंडाचा, बुडाशी चेपलेला. मित्रांनो, बाभुळगावच्या सदाशिवरावांनी मला कापूस वेचणाऱ्या बायांचा चहा शेतात न्यायला घेतलं. दहा वर्षं मी चहा पोचवला, कौतुकही करून घेतलं. मग चकचकीत नवा थर्मास आला आणि माझी रवानगी फळीवर झाली. जगाची रीतच आहे.

यंदा वैशाखात मला खाली उतरवलं. गेल्या साली त्यांच्या नातीचं, खुशीचं, कुत्र्याचं पिल्लू पार्वो रोगानं गेलं होतं. रक्ताची हगवण लागली आणि चार दिवसांत संपलं. आता तिचं नवं पिल्लू बादल दोन महिन्यांचं झालं होतं. जनावरांच्या डॉक्टर प्राचीताईंनी बजावलं, लस बर्फातच आणा. नव्या थर्मासचं तोंड अरुंद. म्हणून माझी आठवण झाली. सदाशिवरावांनी यवतमाळहून एसटीनं मला मांडीवर घेऊन लस आणली.

दुपारी वणीचे व्याही अचानक आले. वीज गेलेली, फ्रीज कोमट. व्याह्यांना गार काही द्यायचं नाही म्हणजे नाक कापलं जाणार. खुशीच्या आजी विमलताईंनी माझ्यातला बर्फ काढून लिंबाचं शरबत केलं. लस पोटात घेऊन मी तीन तास बर्फावाचून पडलो. मी दिलेलं गार राखतो, नसलेलं कुठून आणू? वीज आल्यावर त्यांनी गुपचूप नवा बर्फ भरला.

पाच वाजता डॉक्टर आल्या. त्यांनी बादलचा ताप पाहिला, हगवण नाही ना विचारलं. लसीची कुपी हाताला गार लागली. खरं दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या मला बोलता येत नाही.

विमलताईंनी खुशीकडे पाहिलं. मग व्याह्यांदेखत म्हणाल्या, "थांबा डॉक्टर. मंधात बरफ म्याच काढला होता. पावण्याले शरबत द्याले."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "बरं झालं सांगितलं. खराब लस टोचली तं नुसता लस दिल्याचा कागद भेटते, जीव नाही वाचत."

दुसऱ्या दिवशी नवी लस आणायला व्याहीच मला घेऊन गेले. बादलला लस मिळाली. पुढचे डोस होईस्तोवर त्याला बाहेर सोडायचं नव्हतं. खुशीनं ते पाळलं.

पुढच्या डोसाला व्याही पुन्हा आले, वीज पुन्हा गेली. विमलताईंनी माठातलं पाणी दिलं. ते दोन तांबे प्यायले.

मित्रांनो, मला पुन्हा फळीवर ठेवा, हरकत नाही. पण हातून चूक झाली, तर सुई टोचायच्या आत सांगा. पिल्लालाही माझ्यासारखंच बोलता येत नाही.