दोन मोज्यांची जागा

करुणाची उंची पाच फुटाला एक इंच कमी, आणि क्लबची रायफल घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी सहाफुटी गडी असणार. भांडण एवढंच होतं. पण त्या भांडणात तिचे सहा महिने आणि सात गुण अडकून पडले होते.

पुंडलिकनगरातल्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका. सकाळी पोरांकडून कवायत करून घ्यायची आणि संध्याकाळी शहराबाहेर टेकडीमागच्या शूटिंग रेंजवर जाऊन पॉइंट टू-टूची रायफल घेऊन पालथं पडायचं. नेम पन्नास मीटरवरच्या काळ्या गोलावर. रायफल क्लबच्या मालकीची, इतकी जुनी की सगळे तिला 'म्हातारी' म्हणत. म्हातारीची नळी मात्र ठणठणीत होती. बिघाड होता तो दस्त्यात, म्हणजे गाल टेकवायच्या लाकडात. करुणानं गाल टेकवला की डोळा खाली राहायचा. मग मान ताणून, हवेत डोकं धरून नेम घ्यायचा. अशी मान ताणून पहिल्या वीस गोळ्या कुणीही मारेल. साठ मारून दाखवा म्हणावं.

परदेशी दस्ता मिळतो, हवा तसा वरखाली होणारा. त्याची किंमत ऐकून करुणा फोनवर हसलीच होती. क्लबातल्या अभयकडे तसल्या दस्त्याची स्वतःची जर्मन रायफल होती. अभयच्या वडिलांचं क्रांती चौकात दोन मजली दुकान होतं आणि अभय स्वभावानं वाईट नव्हता, फक्त त्याला गप्प बसता येत नसे.

क्लबचे सचिव बद्रीनाथ, सोयगावचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "राज्य स्पर्धेला म्हातारी एकालाच मिळंल. रविवारी चाचणी. सहाशेपैकी पाचशे पंच्याऐंशी मारले तर तुझी. नाय मारले तर यादीतला पुढचा. मग तुझा नंबर दोन वर्षांनी."

करुणाची मजल पाचशे अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षं थांबायला ती तयार नव्हती आणि हरायला तर अजिबातच नाही. "दस्त्याला काहीतरी करू का, साहेब?" तिनं विचारलं.

"कर की. पण तीन गोष्टी. लाकडाला कानस लागता कामा नये. जे बसवशील ते काढता आलं पाहिजे. आन् रायफल या दाराबाहेर जाणार नाय, कायदा हाय."

म्हणजे शिंप्याला सदरा शिवायला सांगायचा आणि माणूस दाखवायचा नाही. करुणानं जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आणला, शस्त्रागारात बसून दस्त्याची बाहेरची रेघ त्यावर उतरवून घेतली, रुंदी दोऱ्यानं मोजली, आणि गुंडाळी बगलेत मारून थेट शहागंजच्या बोळात फारूखचाचांकडे गेली.

फारूखचाचा कृत्रिम पाय बनवायचे. चाळीस वर्षं तेच काम. करुणाचे वडील साहेबराव एका गॅरेजात मिस्त्री होते. ती आठ वर्षांची असताना ट्रकचा जॅक सटकला आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून साहेबरावांचे तीन पाय चाचांच्याच हातचे. घरात चाचांचा मान सोयऱ्यासारखा. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि साहेबराव कुणाला हात लावू द्यायच्या आधी दोन वाट्या रिचवायचे.

"बंदुकीला पाय बसवायचा?" चाचांनी पुठ्ठा उलटासुलटा करून पाहिला. "पहिली बार ऐकतोय."

"पाय नाही हो चाचा, गालाखाली आधार."

"एकच बात. अंगाला चीज बसली पाहिजे. अंगानं चीजकडं जायचं नाय."

मग त्यांनी तिला टेबलावर पालथं झोपवलं. भिंतीला टांगलेले पंधरा-वीस पाय वरून बघत होते. हातात रायफलीऐवजी फळी दिली. "डोळे मीट. आता आरामात गाल टेकव. जबरदस्ती नको." ती टेकली तिथं चाचांनी ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या थापल्या. करुणा गालावर पांढरे डाग घेऊन स्कूटीवरून घरी गेली आणि सिग्नलला एका बाईनं तिला हळूच विचारलं, "जास्त लागलं का गं?"

आधार कशाचा करायचा, हा प्रश्न साहेबरावांनी सोडवला. त्यांचा जुना पाय माळ्यावर पडून होता. जाड प्लॅस्टिकच्या नळीचा, भट्टीत तापवून घडवलेला, कातडीच्या रंगाचा. "हा घ्या," ते म्हणाले, "बारा वर्षं मला घेऊन हिंडला. अजून तडा नाय गेलेला."

करुणाला क्षणभर कसंतरी झालं. याच पायानं पप्पा तिच्या मागं मैदानात पळायला शिकले होते, पडत, उठत, शिव्या घालत. तिनं तो पाय ओढणीनं पुसला आणि चाचांकडे नेऊन दिला.

चाचांनी पोटरीचा भाग कापला, तापवला, साच्यावर दाबला. बुधवारी आधार तयार झाला. खाली चामड्याच्या दोन पट्ट्या, पाय बांधतात तशाच, बकलासकट. गुळगुळीत, देखणा. करुणानं तो हातात घेतला तेव्हा तिला रविवार जिंकल्यासारखं वाटलं.

गुरुवारी रेंजवर तो म्हातारीवर चढला. अभयनं लांबून पाहिलं. "अरे वा! म्हातारीला जयपूर फूट!"

"पळायला लागली ना, तर तुझ्या जर्मनीवाल्या पोरीला मागं टाकील," करुणा म्हणाली आणि आडवी झाली.

गाल टेकवला. डोळा खालीच. आधीपेक्षा बरा, पण खालीच. नेम धरायच्या मागच्या भोकातून नळीच्या टोकावरचं कडं अर्धंच दिसत होतं. तिनं दहा गोळ्या मारल्या आणि रायफल ठेवून दिली. रागानं तिचे कान तापले. चाळीस वर्षं पाय करणारा माणूस, आणि माप चुकलं? तिनं चाचांना फोन लावला. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "माप गलत नाय, बेटा. फारूखचं माप गलत होत नाय."

"मग माझा गाल चुकलाय का?"

"मी येतो."

तासाभरात चाचा आले, साहेबरावांना स्कूटरवर मागे बसवून. बद्रीनाथांनी दोघांची नावं वहीत लिहून आत सोडलं. चाचांनी पट्ट्या तपासल्या, पुठ्ठा ताडून पाहिला, काहीच सापडेना. त्यांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात साहेबरावांनी आधारावरून अंगठा फिरवला, करुणाला नेम धरायला लावलं, गाल आणि आधारामधल्या फटीत बोट घातलं आणि मोठमोठ्यानं हसायला लागले.

"फारूखभाई, मोज्यांची जागा सोडली की हो तुम्ही!"

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्लाह. हात गेला आपोआप."

बद्रीनाथांना काही कळेना, तेव्हा साहेबरावांनीच समजावलं. कापलेल्या पायाचा उरलेला भाग दिवसभर सारखा राहत नाही. सकाळी सुजलेला असतो, दुपारपर्यंत वितळतो. म्हणून पाय घट्ट करत नाहीत. आत लोकरी मोजे घालायला जागा ठेवतात. सकाळी दोन मोजे, बाराच्या सुमाराला तिसरा. "यांनी चाळीस वर्षांत हजारो पायांत जागा सोडली. तुमच्या म्हातारीतपण सोडली."

"गाल थोडाच सुजतो?" बद्रीनाथ म्हणाले.

"सवय," चाचा खजील होऊन म्हणाले. "नवा बनवतो. दोन दिन द्या."

"कशाला?" साहेबरावांनी खिशातून धुतलेले दोन मोजे काढले. असे मोजे त्यांच्या खिशात कायम असत, जसा इतरांच्या खिशात रुमाल. एकावर एक ते आधारावर चढवले. करुणानं गाल टेकवला. कडं पूर्ण गोल दिसलं, कड्याच्या मधोमध काळा गोल, आणि मान सैल. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिची मान सैल होती. त्या संध्याकाळी तिनं वीस गोळ्यांत दोनच गुण गमावले आणि घरी जाताना स्कूटीवर मोठ्यानं गाणी म्हटली.

बद्रीनाथांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. "मोजा चालतो असं कुठं लिहिलं नाय. चालत नाय असंबी लिहिलं नाय. होऊन जाऊ द्या."

रविवारी चाचणी सव्वाअकराला सुरू झाली. साठ गोळ्या, पन्नास मिनिटं. मागच्या शेडमध्ये लाकडी बाकावर साहेबराव आणि चाचा बसले होते. बोलायला बंदी. साहेबरावांना गप्प बसण्याचा त्रास अभयइतकाच होत असे, पण ते बसले.

करुणा पहिल्या गोळीपासून घरी असल्यासारखी निवांत होती. वीस गोळ्यांत तीन गुण गेले. चाळीस गोळ्यांत सहा. पंधरा जायची मुभा होती, म्हणजे काम फत्तेच होतं. शेजारी अभयची जर्मनीवाली खटखट चालली होती, तिकडं तिचं लक्षही नव्हतं.

एक्केचाळिसावी नऊ. बेचाळिसावी नऊ. त्रेचाळिसावी आठ. गोळ्या खाली जात नव्हत्या, वर जात नव्हत्या, विस्कटत होत्या. चव्वेचाळिसाव्या गोळीला तिला मानेत ओळखीची कळ जाणवली. पुन्हा नऊ. चार गोळ्यांत पाच गुण. एकूण अकरा गेले. आता उरलेल्या सोळा गोळ्यांत फक्त चार.

तिनं रायफल खाली ठेवली आणि कपाळ सतरंजीवर टेकवलं. घाबरायला वेळ नव्हता. मान का ताणली जाते? सकाळी तर सैल होती. तिनं आधाराला हात लावला. मोजे घामानं ओले, चेपून पापड झालेले. जाड जॅकेटही तासाभरात अंगावर बसलं होतं. सकाळचं माप दुपारी राहिलं नव्हतं.

गालही वितळतो तर. निदान गालाखालचं सगळं वितळतं. चाचांचा हात चुकला नव्हता, हाताला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. तिनं मान वळवून मागं पाहिलं.

शेडमध्ये साहेबरावांनी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली होती. पाय काढून बाकावर शेजारी ठेवला होता, आणि हातात तिसरा मोजा होता. बारा वाजत आले होते. त्यांचं रोजचंच.

करुणानं हात वर केला. बद्रीनाथ आले. "काय पाहिजे?"

"मोजा."

"काय?"

"एक मोजा, साहेब. त्यांच्या हातातला. वेळ चालू राहू द्या, माझं काही म्हणणं नाही."

बद्रीनाथांनी तिच्याकडे पाहिलं, मग शेडकडे. तिथं बोलायची परवानगी कुणालाच नव्हती, म्हणून सुभेदार स्वतः चालत गेले आणि साहेबरावांसमोर तळहात पसरून उभे राहिले. साहेबरावांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा आपल्या पायाकडे, आणि मोजा तळहातावर ठेवला. चाचांनी काही म्हणायला तोंड उघडलं, साहेबरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना गप्प केलं.

तिसरा मोजा कोरडा होता, उबदार होता. करुणानं गाल टेकवला. कडं पूर्ण गोल.

दहा. दहा. दहा. नऊ. तिनं श्वास सोडला, घेतला. दहा. मग मोजणं सोडून दिलं. मोजायचं काम बद्रीनाथांचं होतं. तिचं काम गाल टेकवायचं, आणि गाल टेकला होता, बारा वर्षं न तडकलेल्या त्या पायावर. शेवटच्या गोळीला चार मिनिटं शिल्लक होती. तिनं त्यातलं एक वापरलं.

बद्रीनाथांनी कागद दोनदा मोजले, सैन्यातल्या माणसासारखे, बोटानं. "शेवटच्या सोळात तीन गेले. पाचशे शहाऐंशी," त्यांनी मोठ्यानं सांगितलं. "म्हातारी हिची."

अभयनं शिट्टी मारली. "ए करुणा, तुझ्या चाचांचा नंबर दे बरं." चाचा तोवर रेंजच्या दोरापर्यंत धावत आले होते, डोळे पुसत आणि ज्याला त्याला सांगत, "माप गलत नव्हतं, सांगितलं होतं मी, माप गलत नव्हतं."

सगळे तिच्याभोवती जमले, एक माणूस सोडून. साहेबराव शेडमध्येच बाकावर बसून होते. करुणानं तिकडं पाहिलं. जॅकेटचे बंद तसेच लोंबत ठेवून ती धावत गेली.

"पप्पा, पाचशे शहाऐंशी! ऐकलं ना?"

"ऐकलं की. बहिरा नाय झालो." त्यांनी पँटची गुंडाळी आणखी वर सारली. "आधी मोजा दे माझा. दहा मिनिटांपासून उठून टाळ्या वाजवायच्या हायेत, आन् पाय बसंना झालाय."

करुणा खाली बसली. आधारावरून वरचा मोजा सोडवून आणलेला तिच्या मुठीतच होता. तिनं तो वडिलांच्या पायावर चढवला, सुरकुत्या सारख्या केल्या, पाय बसवला, बकल ओढलं.

"घट्ट झालं?"

"बरोबर झालं."

साहेबराव उठले, दोन्ही पायांवर नीट उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.